न उघडणारा जोड

गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून गहिनीनाथ सुतारांनी दुकानात सरस शिजवला नव्हता. जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो डिंक. माळकऱ्यानं त्याची वाफ घ्यायची कशी? सोनईतल्या दारा-पलंगांना पांढरा डिंक चालत होता. पण त्यांच्या मुलानं, कल्याणनं, विजेवरची गिटार करायला घेतली आणि सरसाच्या वड्या आणून पुढ्यात ठेवल्या.

कल्याण बेंजो पार्टीत वाजवायचा. सुतारकीकडे त्यानं कधीच पाठ फिरवली होती. तोच आता आपणहून म्हणत होता, "आबा, दांडा तुमीच बसवा. तुमच्यासारखी सांध मला न्हाई जमायची." म्हातारा मनातून फुलला. जपून ठेवलेली जुनी सागवानी फळी त्यानं काढली.

"पांढरा डिंक हाय की," गहिनीनाथ म्हणाले.

"तो रबरावानी ऱ्हातो, आवाज गिळतो. सरस काचंवानी वाळतो. आन् दांडा चुकला तर वाफ देऊन उकलता येतो."

"माझा जोड चुकत न्हाई. ते कातडं उंबऱ्याच्या आत नको."

"मग एकादशीला पखवाज बडवता, त्याला काय केळीचं साल मढवलंय?"

आतून केशरबाई फिसकन हसल्या. मुलाच्या बोलण्यापेक्षा बायकोचं ते हसू गहिनीनाथांना जास्त लागलं.

कल्याण लग्नातली सुपारी वाजवायला कर्जतला गेला. त्याच्या माघारी त्यांनी दगडालाही चिकटणारा दोन नळ्यांचा डिंक कालवला आणि दांडा ठोकून बसवला. एरवी एक डोळा मिटून रेघ बघितल्याशिवाय ते जोड दाबत नसत. त्या दिवशी हात रागाचा होता.

कल्याणनं येऊन तारा चढवल्या. दांडा कलता बसल्यानं त्या इतक्या उंच राहिल्या, की बोट टेकेना.

"सरस न्हाई लावला?"

"न्हाई. जन्मात निघणार न्हाई असं पक्कं केलंय."

"तेच झालं, आबा." गिटार भिंतीला टेकवून तो निघून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मग गहिनीनाथांनी वाफ दिली, तापलेली इस्त्री लावून पाहिली. लाकूड काळं पडलं. जोड हलला नाही. उरलेल्या सागवानातून त्यांनी नवं धड, नवा दांडा घडवला. या वेळी रेघ दहादा बघितली. कल्याणच्या वड्या भिजत घातल्या आणि दारातल्या लिंबाखाली चूल मांडून सरस शिजत ठेवला. केशरबाईंनी नाकाला पदर लावला.

त्यांनी मोबाईल लावला. "कल्याण, नवी केलीय. सरस शिजतोय. येतोस का?"

पलीकडे ढोलाचा आवाज होता. "आबा, तयार गिटार घेतली मी. आता सुपाऱ्या लई हायत. बघू नंतर."

"व्हय, व्हय. सवडीनं ये."

डब्यातल्या सरसावर साय धरू लागली होती. गहिनीनाथांनी थोडं पाणी घातलं आणि चुलीत आणखी एक ढलपी सरकवली.