बंपरमागचा दांडा

इंटरकूलरची एक पाकळी वाकली होती. ॲल्युमिनियमच्या त्या शेकडो पातळ पाकळ्यांतली एकच, डाव्या कोपऱ्यातली, आणि एरिबेर्तो बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ती सरळ करत होता – जोर जरा जास्त झाला तर तुटेल, कमी झाला तर पुन्हा वाकेल... सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. एका वाकड्या पाकळीनं हवा काही अडत नाही, हे पस्तीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालून बसलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पण पाकळी सरळ झाली, की मग हा हातभर रुंद, चपटा डबा गाडीत कुठे बसवायचा ते ठरवावं लागणार होतं.

गाडी समोरच उभी होती, बंपर काढून ठेवलेली. टर्बो बसवून झाला होता. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबलेली हवा तापते, आणि तिला निववायला मध्ये हा इंटरकूलर. पुढे, बंपरच्या तोंडाशी बसवला तर वारा थेट लागतो, गाडी सुसाट सुटते. इंजिनाच्या डोक्यावर बसवला तर बॉनेटला भोक पाडावं लागतं, खालची धग खावी लागते, आणि सालिनासच्या शर्यतीच्या धावपट्टीवर भर दुपारी दहा मिनिटं रांगेत उभं राहिलं की निम्मा जोर तिथेच जिरतो. इथं ग्वायामा गावात कुणालाही विचारा, पुढेच म्हणेल. फक्त या गाडीत पुढे जागा नाही. पुढे बंपरच्या मागे एक आडवा पोलादी दांडा आहे, आणि तो कापल्याशिवाय डबा आत जात नाही.

असा दांडा त्यानं एकदा कापला होता. असल्याच गाडीचा, याच फरशीवर. निकानोरच्या, त्याच्या जिवलग मित्राच्या.

त्यानंतरची एक रविवारची सकाळ होती. निकानोर पाव आणायला निघाला होता – शर्यतीला नाही, पाव आणायला, पायात घरातल्या चपला – आणि पूर्वी जिथं ऊस असायचा त्या वळणावर केळ्यांचा ट्रक बंद पडून उभा होता. वेग काही फार नव्हता. निकानोरच्या प्रेताजवळ बसून, कॉफीचे पेले हातात धरून सगळे हेच म्हणत होते, वेग काही फार नव्हता, नशीब बघा. एरिबेर्तोही मान हलवत होता. गाडीचं पुढचं अंग असं चेपलं होतं, की त्यात काय होतं आणि काय नव्हतं हे कुणी शोधत बसलं नाही. दांडा असता तर निकानोर वाचला असता? कदाचित. कदाचित नसताही... त्या ‘कदाचित’वर त्यानं अकरा वर्षं काढली होती.

पण खरी गोष्ट दांड्याची नव्हतीच. कापण्याआधी निकानोरनं विचारलं होतं. शेजारी उकिडवा बसून, सहज – ‘अरे, हा दांडा कशासाठी असतो?’ आणि मी – एवढ्याच एका जागी एरिबेर्तोला स्वतःपासून लांब उभं राहता येत नसे – मी चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणालो, ‘कारखानेवाल्यांची हौस. काप म्हण, काही होत नाही.’ मला माहीत होतं कशासाठी असतो – समोरून धडक बसली तर ती झेलायला. पण शनिवारी शर्यत होती, आणि माझ्या हातची गाडी मला पहिली आलेली बघायची होती. ती आली. पहिली आली, आणि निकानोरनं मला उचलून घेतलं...

“आशीर्वाद द्या, पाद्रिनो.”

दारात यादिरा उभी होती. निकानोरची मुलगी; समोरची गाडी तिचीच. विजेच्या खांबांवर चढण्याचं काम करते, तसेच जाड बूट, कंबरेला पट्टा. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातांवर धरणारा एरिबेर्तो होता, म्हणून तो पाद्रिनो, धर्मबाप.

“देव तुझं भलं करो,” तो म्हणाला.

“अजून डबाच कुरवाळताय? मला वाटलं, आज नळ्या जोडून झाल्या असतील.”

“वर बसवू या म्हणतो.”

“वर?” ती हसली. “शर्यतीला आलेली पोन्से शहराची पोरं विचारतील, बॉनेटखाली कॉफी उकळत ठेवलीय का म्हणून.”

“विचारू देत. वर नळ्या आखूड होतात.”

“मला नळ्यांच्या गोष्टी नका सांगू. पप्पांच्या गाडीला पुढे होता. तुम्हीच बसवलेला.”

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पुढचं वाक्य तो अंघोळ करताना, चर्चमध्ये, लाल दिव्यापाशी थांबल्यावर इतक्यांदा मनात बोलला होता, की आता ते तोंडातून आलं तेव्हा दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

“त्या गाडीचा दांडा मी कापला होता, पोरी.”

“माहितीये मला.”

तिनं ते किती साधेपणानं म्हटलं. बाकावरचा त्याचा थर्मास उचलून, झाकणात कॉफी ओतत.

“मी अठराची झाले तेव्हा मम्मीनं सांगितलं. पप्पाच हट्टाला पेटले होते ना? तुम्ही म्हणत होतात, याला हात लावायला नको, जिवाशी खेळ आहे. आणि ते म्हणाले, काप, बाकी मी बघून घेतो. त्याच संध्याकाळी घरी येऊन त्यांनीच मम्मीला सांगितलं, ‘एरिबेर्तो नको नको म्हणत होता.’” ती कॉफीवर फुंकर घालत राहिली. “म्हणून तर गाडी दुसऱ्या कुणाकडे नेली नाही मी. पप्पांना अडवणारे तुम्ही एकटेच होतात.”

आता बोलायला हवं होतं. तिचा शब्द अजून हवेत होता, आणि त्याच्यावर ‘नाही’ एवढाच एक शब्द ठेवायचा होता. त्याचं तोंड उघडलंही. पण यादिरानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे दिसलं त्याचा तिनं आपल्या परीनं अर्थ लावला.

“बरं, वर बसवा,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमच्या जिवाला घोर नको. हरले तर हरले. ऐकताय ना?”

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो किंचित दाबला, आणि कामाची वेळ झाली म्हणून ती गेली.

नेमकी नको त्या गोष्टीची माफी मिळाली होती – दांडा कापल्याची, खोटं बोलल्याची नव्हे. आजपर्यंत तो नुसता गप्प होता. आता जितके दिवस गप्प राहील तितके दिवस तो या पोरीशी खोटं बोलत असणार होता, दर आशीर्वादाबरोबर... पण एवढं त्याला कसंबसं मनात धरता येत होतं. धरता येत नव्हतं ते दुसरंच. निकानोर घरी जाऊन खोटं का बोलला?

अडवलं, असं तो का म्हणाला? उद्या काही झालं तर बायकोनं एरिबेर्तोला बोल लावू नये म्हणून. म्हणजे काही होऊ शकतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे ‘कारखानेवाल्यांची हौस’ हे ऐकताना त्याला माझ्या आवाजातलं खोटं कळलं होतं – मला काय हवंय तेही कळलं होतं – आणि तरी तो उठला नाही, त्यानं कापू दिलं.

अकरा वर्षं त्या आठवणीत निकानोर अजाण होता, आणि अजाण माणसापुढे मनातल्या मनात गुडघे टेकणं एरिबेर्तोला जमून गेलं होतं. आता तिथं सगळं समजून बसलेला एक माणूस होता, त्याच्याकडे बघत, आणि त्याच्याशी काय बोलायचं हे त्याला अजिबात माहीत नव्हतं.