तृप्तीची पिल्लं आणि फळीवरचा गंज

मित्रांनो, जरा सरकून माझ्याजवळ बसा. भजनाला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. मी एक जुना पितळी गंज आहे. तुम्ही पातेलं म्हणता, आमच्या दिघोरीत गंज म्हणतात. सप्ताहात माझ्यात शिजलेली वालाची भाजी खाऊन कीर्तनकारबुवांनी दोनदा मागून घेतली होती. पुढे स्टीलची भांडी आली आणि मी कोपऱ्यात पडलो.

तिथून मला घरच्या सुनेनं, तृप्तीनं, उचललं. तिनं कोंबडीची पिल्लं पाळली होती. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, फुटका वाल ती माझ्यात मऊ शिजवी आणि कोंड्यात कालवून त्यांना घाली. पिल्लं बघता बघता भरली.

सासूला, सत्यभामाबाईंना, ते खुपलं.

"कोंबड्यायले गॅसवर शिजवून घालून राहिली, अन् मले शिळा भात. कच्चाच दळून घाल."

"आई, कच्च्यानं पिल्लं वाढत नाईत."

"मेली तं माहेरी जाजो. तुह्या हातालेच गुण नाई."

त्यांनी मला फळीवर उपडं घातलं.

मित्रांनो, खाल्लेली प्रथिनं तोडायला पोटात पाचकरस असतो, कात्रीसारखा. कच्च्या वालात अशी काही प्रथिनं असतात, की ती त्या कात्रीच्या पात्यांत घट्ट अडकून बसतात. मग कात्री चालत नाही. शरीर बिचारं नवा रस गाळत राहतं आणि त्यातच झिजतं. दळून ती प्रथिनं मोडत नाहीत; त्यांना चांगली उकळीच लागते.

पिल्लं ते कच्चं दळण चोची भरभरून खात होती आणि वाळत होती. गळ्याची पिशवी टम्म, छातीचं हाड उघडं. एकेक करून ती मेली; शेवटचं पिल्लू तृप्तीच्या ओच्यातच गेलं. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, सुनेचा हात वाईट. नवरा मनीष मोबाइलमधून मान वर काढेना. सकाळी तृप्ती एकटीच पिशवी घेऊन माहेरी, आसगावला जायला एसटीत बसली.

त्याच दुपारी सत्यभामाबाईंनी मला खाली काढलं आणि वाल शिजत घातला. मनीषला भूक लागली होती, तो घाई करू लागला.

"थांब नं," त्या मायेनं म्हणाल्या. "अधकच्चा वाल कोणी खाते काय? पोट धरून बसशीन."

मी उकळत राहिलो. दुसरं काय करणार?

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, धान्य नीट शिजवा, मुक्या जिवाचंही. आणि आज टाळ वाजले की आसगावच्या तृप्तीचं नाव एकदा देवापुढे घ्या. तिच्या हाताला गुण होता.