इस्त्रीचा डाव

दुकान रिकामं करताना माळ्यावर तो जुना कुस्तीचा व्हिडिओ गेम सापडला आणि मुलीनं लगेच दोघा मित्रांना फोन लावला. निमित्त गेमचं, खरं कारण बाबा. जन्मभर शिंपीकाम केलेल्या बाबांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी दुकानच बंद केलं. तेही एक वेळ ठीक. पण तेव्हापासून हात खिशात आणि माणूस आतल्या खोलीत. कुणी आलं की जेवायलासुद्धा बाहेर यायचे नाहीत. त्यांनी एकदा तरी चारचौघांत येऊन बसावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी दुपारी लंबू आणि गोटू आले. लंबू आता इलेक्ट्रिशियन. त्यानं नव्या टीव्हीला जुनी वायर कशीबशी जोडून दिली. गोटू कॉलेजात गणित शिकवतो, पण कंट्रोलर दिसताच त्यानं शाळकरी पोरासारखी झडप घातली.

"बाबा, येताय ना?" तिनं दारातून विचारलं.

"तुम्ही खेळा."

कुस्ती कसली, नुसता धुमाकूळ होता तो. पण त्यात आपला पैलवान आपण घडवता यायचा आणि या तिघांनी लहानपणी घडवला होता 'मास्तर'. टक्कल, झुपकेदार मिशा, छातीपर्यंत ओढलेली विजार, गळ्यात टेप म्हणून पिवळा मफलर. त्याचा हुकमी डाव 'इस्त्री', म्हणजे समोरच्याला आडवा करून त्याच्यावर सपाट पडायचं. त्या काळी बाबांच्या नाकावर राग असायचा. जिन्यात पाऊल वाजलं की तिघांची पाचावर धारण बसायची आणि टीव्ही बंद.

मास्तर पडद्यावर आला, ताठ, दोन्ही हात कमरेवर. दुकानात बाबा अगदी असेच उभे असायचे. तिला एकदम भरून आलं. ते दिवस परत हवेत असं तिला फार वाटलं, अगदी त्यांच्या ओरड्यासकट.

"इस्त्री! कर इस्त्री!" लंबूच्या पैलवानासमोर मास्तरला नाचवत गोटू स्वतःलाच ओरडून सांगत होता. तेवढ्यात आतलं दार उघडलं. खिशात हात घालून बाबा उभे.

"हा कोण?"

गोटूची बोबडी वळली. "कुणी नाही काका. असाच एक."

"विजार तर माझी आहे."

बाबा जवळ आले, मिशा निरखल्या.

"जिंकतो की नुसता मार खातो?"

"काका, मास्तर कुणाला मिळणार यावरून आमची मारामारी व्हायची," लंबू म्हणाला. "तो घेतला की जिंकलोच."

बाबा खुर्ची ओढून बसले. इकडे लंबूच्या पैलवानानं मास्तरला पाठीवर पाडून दाबून धरलं. पंच जमिनीवर हात आपटत तीन मोजू लागला.

"काका, धरा!" गोटूनं कंट्रोलर त्यांच्या मांडीवरच टाकला. "सुटायचं तर हे बटण भराभर दाबा!"

बाबांनी डावा अंगठा लावला. जमेना. पंचाचा हात दुसऱ्यांदा जमिनीवर आपटला आणि बाबांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. थरथरता अंगठा बटणावर टेकला मात्र, बटण टकटक टकटक वाजत सुटलं आणि मास्तरनं लंबूच्या पैलवानाला उडवूनच लावलं.

"ए काका, ही चीटिंग आहे!" लंबू बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

आता बाबा उठणार, आत जाणार, दार लागणार. मित्रांना बोलावलंच कशाला असं मुलीला झालं.

बाबांनी लंबूकडे पाहिलं. मग हात वर उचलून सगळ्यांसमोर धरला, थरथरत होता तसाच.

"तुला जमतंय का असं?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग गप बस आणि पुढची कुस्ती लाव."