संपादकसाहेबांची कबुली

ज्येष्ठ संपादक झेनोन कुबात्स्कींना ‘पत्रकारितेची सदसद्विवेकबुद्धी’ म्हणून पुरस्कार जाहीर झाला, ती बातमी बोग्ना स्केर्बाने बीटचं सूप गरम करता करता रेडिओवर ऐकली. सूप उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मग ती लिहायची त्या साप्ताहिकाला तिने फोन लावला. “म्हाताऱ्यावरचा लेख मी लिहिते. दुसऱ्या कुणाला देऊ नका.”

पोलंडमधल्या वुच शहरातल्या कापडगिरण्यांवर लिहायला लागली तेव्हा बोग्ना अगदी तरुण होती. संप करणाऱ्या विणकर बायकांच्या स्वयंपाकघरांत बसून, त्यांच्याबरोबर मांसाच्या दुकानापुढच्या रांगेत उभं राहून तिने कुबात्स्कींच्या वर्तमानपत्रासाठी एक लेख लिहिला होता. तेवढ्यात देशात लष्करी कायदा आला. लेख छापून आला तेव्हा त्यातल्या बायका पाळीवर दारू पिऊन पडत होत्या आणि त्यांची पोरं उकिरड्यावर खेळत होती. खाली नाव बोग्नाचं. गेनोवेफा नावाच्या विणकर बाईचं तर लेखात नावच होतं. तिची नोकरी गेली. बोग्ना खुलासा करायला तिच्या दारात गेली, तर गेनोवेफाने भांड्यांचं खरकटं पाणी तिच्या अंगावर ओतलं.

बोग्नाने लिहिणं सोडलं आणि राजवट बदलेपर्यंत इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या. पुढे तिची पुस्तकं निघाली, नाव झालं. कुबात्स्की मात्र त्याआधीच नव्या जमान्याचे गुरुजी होऊन बसले होते. त्या लेखाबद्दल कुणी विचारलंच, तर ते सुस्कारा टाकत, “सेन्सॉरनं केलं हो. माझे हात बांधलेले होते.”

गावाबाहेरच्या घरी त्यांनी तिचं तोंडभर हसून स्वागत केलं. त्यांच्या बायकोने आलुबुखाऱ्याचा केक पुढे ठेवला. बोग्नाने त्यांना दोन दुपारी मनसोक्त बोलू दिलं. तिसऱ्या दुपारी टेपरेकॉर्डर चालू असतानाच ती सहज म्हणाली, “साहेब, तो गिरणीचा लेख सेन्सॉरच्या माणसानं लिहिला, असं ऐकते. तुम्ही नुसता शिक्का मारलात म्हणे.”

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. “शिक्का? मी? त्या गाढवाला एक वाक्य धड लिहिता येत नव्हतं!”

“लोक म्हणतात बुवा. शैली बरी आहे, म्हणजे तुमची नसणार, असंही म्हणतात.”

“अहो, शब्दन् शब्द माझा आहे! तुमचा लेख म्हणजे आजाऱ्याची पेज. फोडणी मी दिली. वरून फोन यायच्या आत तयार ठेवला होता.”

“आणि दारू?”

“त्या बायका दारूला शिवल्याही नसतील. पण उकिरड्यावरची पोरं... काय चित्र होतं, सांगा!”

“चित्र छान होतं,” बोग्ना म्हणाली आणि केकचा तुकडा संपवला.

फाटकापाशी त्यांच्या बायकोने तिचा हात धरला. “चांगलं लिहा हं, बाई. या दिवसाची फार वाट पाहिलीय त्यांनी.” बोग्नाला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही.

ज्याची मुलाखत त्याला त्याचे शब्द छापण्याआधी दाखवायचे, असा कायदाच होता. तिने इमानेइतबारे सगळे दाखवले. कुबात्स्कींनी लाल पेन घेऊन तपासले. ‘फोडणी दिली’ खोडून त्यांनी ‘नव्याने घडवला’ केलं, एक स्वल्पविराम घातला आणि झोकात सही ठोकली.

अंक पुरस्काराच्या दिवशी सकाळी बाजारात आला. दुपारी समितीने समारंभ रद्द केला. संध्याकाळी फोन वाजला.

“तू मला गाडलंस, बये!”

“मी तुमचा एक शब्द बदलला नाही, साहेब. तुम्ही माझे बदलले होते.”

“मी म्हातारा माणूस...”

“गेनोवेफाही म्हातारीच आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी अंक घेऊन ती गेनोवेफाच्या इमारतीत गेली. दार अर्धवट उघडलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“काय आणलंयस आता?”

“त्यानं कबूल केलंय. वाचून दाखवू?”

“तिथूनच वाच. आत नको.”

बोग्नाने जिन्यातच उभं राहून वाचलं. गेनोवेफा चौकटीला टेकून ऐकत होती. “ते ‘दारूला शिवल्या नसतील’ वालं परत वाच.” तिने परत वाचलं. “आणि रेडिओवर सांगत होते तो पुरस्काराचा समारंभ?”

“रद्द.”

“रडला का फोनवर?”

“रडायच्या बेतात होता.”

“रडायला हवा होता मेला.” मग वर मान करून तिने जिना दणाणून टाकला, “याद्विगा! स्टेफा! बाहेर या गं! कुबात्स्कीची धिंड निघालीय!”

गिरणीतल्या जुन्या बायका सपाता ओढत कठड्यापाशी आल्या. कुणी हसत होत्या, कुणी त्याला शिव्या घालत होत्या. एकजण पायरीवर बसून ॲप्रनने डोळे पुसत राहिली. बोग्ना पहिल्यापासून वाचायला लागली. घसा कोरडा पडला, पण पाणी कुणी विचारलं नाही आणि तिनेही मागितलं नाही.

“मोठ्यानं!” वरून कुणीतरी ओरडलं. “तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत नाही!”