हिवरखेडची ठासणी

"बंदूक हाती घेतली का तोंड बंद ठेवत जाय, सूर्यभान. आधी मालकाचं आयक, मंग बंदुकीचं आयक, मंग बोल."

सासरे शेवटपर्यंत हे सांगत राहिले. घोडा बसवणं, नळीचा बाक काढणं, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पाजणं, हे सगळं ह्यांनी त्यांच्याकडून उचललं. तोंड बंद ठेवणं तेवढं राहून गेलं.

त्या गुरुवारी सकाळी दारात पोलिसांची जीप थांबली तेव्हा मला तेच आठवलं. आमचं दुकान म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घराची पुढची खोली. बंदूक दुरुस्तीचा परवाना आधी सासऱ्यांच्या नावाचा, पुढे ह्यांच्या. मी चहा घेऊन मधल्या दारात उभी होते, आणि गुरुवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं.

दोनच दिवसांपूर्वी हिवरखेडचे भगवंतराव येऊन गेले होते. त्यांना जुन्या शस्त्रांचा भारी नाद. बैठकीची एक अख्खी भिंत त्यांनी भरून टाकलेली. शाळेच्या कवायतीची लाकडी रायफल, नाटक मंडळीच्या पत्र्याच्या बंदुका, जत्रेतलं पितळी पिस्तूल, बंदुकीची दारू ठेवायचं शिंग. सगळं मोडकं नाही तर खोटं. त्या भिंतीवर खरी अशी एकच, पणजोबांची ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ठासून भरायची, जुन्या काळची. चाळीस वर्षांत ती कुणी उडवली नव्हती, तरी परवान्यावर तिची नोंद होती. आणि आता कायदा बदलला होता. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच. जास्तीची जमा करायला मिळालेली वर्षाची मुदत डिसेंबरात संपत होती. परवान्यावरच्या बाकी दोनपैकी दुनाळी रानडुकरांसाठी शेतावर लागायची, रायफल धाकट्या भावाबरोबर सामायिक होती. जायची तर ही तिसरीच, आणि त्यांचा जीव नेमका तिच्यात.

एक वाट तेवढी होती. दुरुस्त करूनही जी उडणार नाही, अशी जुनी बंदूक नुसती वस्तू म्हणून घरात राहू शकते. पण तसं जाणत्या मिस्त्रीनं तपासून सांगायला हवं.

"परवान्यावाल्या मॅडम इचारतीन, दुरुस्त होईन का?" भगवंतराव ह्यांना पढवत होते. "तुमी म्हना, नाई. बस. चाय पिऊन सारे मोकये."

"नाईच उडे ते," हे म्हणाले. "म्या पाह्यली नाई का तुमच्या भितीवर? घोडा लुळा पडला तिचा."

"म्हंजे सांगसान ना?"

"सांगतो ना बावा!"

आता जीपमधून परवाना शाखेच्या रश्मी मॅडम उतरल्या. तिशीच्या असतील, करोनाचे दिवस म्हणून तोंडाला मास्क. मागून एक हवालदार आणि गोधडीत गुंडाळलेली बंदूक छातीशी धरून भगवंतराव. ह्यांनी ती टेबलावर घेतली. मॅडम काही विचारायच्या आत पेचकस फिरला आणि घोड्याच्या बाजूची पोलादी पट्टी उघडली.

पट्टीच्या आतल्या अंगावर तीन ठिपके होते. सासरे आपल्या प्रत्येक कामावर ते ठोकायचे.

ह्यांचा चेहरा असा फुलला की आता हे बोलणार ते मला कळलं. मी ट्रे आपटला, बांगड्या वाजवल्या. कुणाचं लक्ष आहे?

"काका, एकच प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "ही दुरुस्त होऊ शकते का?"

"हा घोडा माह्या बापानं बसवला हाय मॅडम! ह्या पाहा तीन टिकल्या. आतली इस्प्रिंगची कमान तेवढी थकली. आठ दिवस द्या मले, नव्या बंदुकीवानी बोलती करून देतो!"

भगवंतरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे होऊ शकते."

"माह्या हातून काय होत नाई?" हे म्हणाले, आणि मग कुठे त्यांचं भगवंतरावांकडे लक्ष गेलं.

मॅडम लिहीत होत्या.

"वा मिस्त्री," भगवंतराव म्हणाले. "तुमचा बाप जिता झाला, अन् माहा पंजोबा मेला. एक नाई म्हनाले जिभेले काटा टोचत होता काय?"

"हाती घ्याच्या आंधी म्हनलो असतो भगवंतराव. हाती घेतल्यावर कसं म्हनू?"

"वयनी, तुमी तरी सांगा याईले काई!"

मी ओठांवर बोट ठेवलं. खरं सांगते, त्या दिवशी मौन नसतं तर मी ह्यांना आत बोलावून खोटं बोलायला लावलं असतं. देवानं मला त्यातून वाचवलं.

मॅडमनी वही मिटली. "काका नाही म्हणाले असते तर मला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या. "ते खरं बोलले, म्हणून सांगते. ही कायमची बंद करा. अशी, की कुणालाच उघडता येणार नाही. काकांनासुद्धा. आमचे तपासणारे तिला पाहतील. त्यांची खात्री पटली तर परवान्यातून काढायचं मी बघते."

"म्हंजे बंदुकीच्या नयीले भोकं पाडून, वर वेल्डिंगचे फोडं आनून?" भगवंतराव उसळले. "त्यापरीस जमाच करा. असं ध्यान म्या भितीवर टांगत नसतो."

ह्यांनी आधी भगवंतरावांकडे पाहिलं, मग बंदुकीकडे.

"भायेरून एक वरखडा दिसला तर माह्या तोंडावर थुका," शेवटी ते म्हणाले. "अन् भितीवर म्या सोता येऊन टांगून देईन. हा माहा शबूद."

मॅडमनी तसं पत्र दिलं आणि काम सुरू झालं. बेचाळीस वर्षं बंदुका चालत्या करणारा माणूस एक बंदूक मारायला बसला. त्यांची पद्धत उलटी. आधी ती कशी उघडता येईल ते शोधायचं, मग ती वाट बुजवायची.

"ललिता, समज म्या हिले खोलाले बसलो. कुठून शिरीन?"

"ठिणगी जाते त्या छिद्रातून," मी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाले.

"बुजवलं. आता?"

"मागून. नळीचा पेच काढून."

"अवं, तू तं पक्की चोट्टी निंगाली!" हे हसले. चहा नेता-नेता इतक्या वर्षांत मलाही थोडं कळायला लागलं होतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

दस्त्यापासून नळी सोडवून त्यांनी तिच्या खालच्या अंगाला, लाकडात झाकलं जाईल तिथे, लांब चीर पाडली. आत पोलादाची दांडी सारली आणि वितळवून दोन्ही एकजीव केली. कानशीनं घासून घासून वरून हात फिरवला तरी कळू नये असं केलं. पाचव्या दिवशी फक्त घोडा उरला. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं वाकवलेली कमान त्यात होती. ती जागेवर असेपर्यंत एक वाट उघडीच.

हे आंघोळ करून आले. कमान चिमट्यात धरली आणि मोडली. बारीकसा आवाज झाला. मग पट्टी कायमची बसवली. तीन ठिपके आत तसेच राहिले, कुणाला कधी न दिसण्यासाठी.

"चांगली होती कमान," एवढंच म्हणाले, आणि जेवायला बसले.

बंदूक तपासणीला गेली. दहा दिवसांनी कचेरीत बोलावणं आलं. ह्यांच्या सोबत मीही गेले. भगवंतराव आधीच येऊन बसले होते. मॅडमसमोर टेबलावर ती होती, शिकारीहून आताच आल्यासारखी. भगवंतरावांनी चष्मा लावून ती टोकापासून टोकापर्यंत पाहिली, उलटी केली, बोट फिरवलं. वरखडा सापडला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तपासणाऱ्यांचा अर्धा दिवस गेला," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी विचारलंय, हे काम केलं कुणी? पण नियमाप्रमाणे मला तुमचा जबाब पुन्हा घ्यावा लागेल. काका, आता ही दुरुस्त होऊ शकते का?"

हे उठून उभे राहिले. ह्या वेळी बंदुकीला हात लावला नाही.

"नाई."

मॅडमनी लिहिलं.

"कोनाच्याच हातून नाई," हे म्हणाले. "लिवा मॅडम. सूर्यभान मिस्त्रीच्या हातूनबी नाई."

त्यांची मान खाली जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. सही करताना त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी माझी पूजा आटोपेपर्यंत ह्यांनी लग्नाकार्याला घालायचा कोट चढवला होता. मी भाकरी बांधून दिली. मॅडमचं पत्र खिशात आहे की नाही ते त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं. दुसऱ्या खिशात चार खिळे आणि हातोडी होती. खिळे आदल्या दिवशी स्वतः घडवलेले.

"भगवंतरावांकडे खिळे नसतील का?" मी विचारलं.

"असतीन. पन कसे असतीन, मले काय ठाव?"

बंदूक त्याच गोधडीत गुंडाळून त्यांनी खांद्याला लावली आणि पायरी उतरले. कोपऱ्यावर सायकलवाले मोतीराम दुकान उघडत होते.

"काय मिस्त्री, सक्कायी-सक्कायी दुरुस्ती का?"

"नाई," हे म्हणाले. "तिच्या घरी पोचवाले चाललो."

आणि हिवरखेडची गाडी धरायला ते स्टँडच्या दिशेनं निघाले, सावकाश, ताठ.