चिकाची शेवटची वाटी

“हिचे कान बघ. बर्फावानी गार पडल्यात,” तात्याबा म्हणाला.

साखराबाईनं चंद्री गाईचा कान चाचपला आणि लगेच स्वतःचाही चाचपून पाहिला, जणू दोघींचं एकदमच बिनसलं असावं.

चंद्री काल व्याली होती. आज मान कुशीवर टाकून बसली होती. शेपूट पिरगाळली तरी उठेना. साखराबाईनं काल तिची कास शेवटच्या थेंबापर्यंत पिळून चकलांब्यात घरोघरी चीक पोचवला होता. बांधावरून तात्याबाशी बोलणं टाकलेल्या बिभीषणाकडेही वाटी गेली होती, तीही काठोकाठ.

बोलावून आणलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी चंद्रीच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियमची बाटली तात्याबाच्या हाती दिली. “धरा. सांगतो तेवढीच उंच. भसाभस गेलं तर काळीज बंद पडंल.”

तात्याबा देवाच्या आरतीलाही इतका निश्चल उभा राहिला नव्हता.

“सगळा चीक काढला व्हय, मावशी?”

“गावाला द्याया नगं?”

“तिच्या अंगातलं कॅल्शियम दुधावाटं गेलं. हाडातनं भरून निघाया येळ लागतो. आता दोन-तीन दिवस कास रिकामी करू नका.”

“म्हंजी म्याच मारत हुते तिला...” साखराबाईनं तोंडाला पदर लावला.

“ती तरी कुटं म्हनली, पुरं कर म्हनून?” तात्याबा म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर बायकोच्या वाकलेल्या पाठीवर गेली. पाच बाळंतपणं झाली होती. लग्नापासून ती कोराच चहा प्यायची. ‘मला असाच आवडतो’ म्हणायची, आणि तात्याबाला ते पटायचं. पटवून घेणं सोयीचं होतं.

“डाक्टर, मान्साचं बी असंच आसतंय का वो?”

“कुणाचं?”

“न्हाई, इचारलं आपलं.”

बाटली संपत आली तशी चंद्री थरथरली. तिनं पाटलाला शोभेल असा ढेकर दिला, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. साखराबाई तिच्या गळ्यात पडून रडली. तात्याबाला रडायचं नव्हतं, म्हणून तो शेण भरायला लागला.

संध्याकाळी बेतानंच चीक काढला. वाटीभर खरवस झाला. साखराबाईनं वाटीवर ताटली झाकली आणि पायात चप्पल सरकवली.

“कुटं?”

“गहिनीनाथाचं घर तेवढं ऱ्हायलंय.”

तात्याबानं वाटी काढून घेतली, तिला खाली बसवलं आणि वाटी तिच्यापुढं ठेवली.

“अवं, मग तुमाला?”

“माजे कान गरम हायेत. खा.”

ती लाजत, भिंतीकडं तोंड करून खाऊ लागली. तात्याबानं हळूच तिच्या कानाला बोट लावलं.

गार होता. दिवस थंडीचे होते, म्हणूनही असेल.