पाचवं नाव

अंजनाच्या हातातून करंड्याचं पितळी झाकण निसटलं आणि जात्यावर ठणकन वाजलं. सोप्यात गावची चार माणसं बसली होती. सगळ्यांनी आत तिच्याकडं पाहिलं, म्हणजे तिच्या कपाळाकडं.

सुभेदार लालासाहेब खाकरले. "नाथाजीआबा, एका दिसाचा तर सवाल हाय. उद्या वकीलसाहेब चावडीपुढच्या दगडाचा पडदा वढणार. लढाईत गेलेल्या पाच गड्यांची नावं हायेत. चार बाया पांढऱ्या कपाळानं हुब्या ऱ्हाणार, आन् पाचवी कुंकू लावून? बरं दिसतंय का त्ये?"

"आवं सुभेदारमामा, तारेत त्यास्नी बेपत्ता म्हनलंय," अंजना आतून म्हणाली. "मेलं म्हनलेलं न्हाई."

"मग माझ्या ज्ञानूचं नाव गाळा की," तिचे सासरे नाथाजी म्हणाले.

"दगड कोरून झालाय, आबा. आता खोडलं तर दगड वाया."

वकीलसाहेब साताऱ्याहून इलेक्शनला उभे होते. पलटणीतून सुटून आलेल्या शिपायांना मतं होती, आणि पाटणच्या त्या खोऱ्यात घराआड शिपाई होता.

अंजनाची सगळी भिस्त सासऱ्यांवर. पहिल्या लढाईत ते बसऱ्याकडं तुर्कांच्या कैदेत पडले होते. गावानं त्यांचं तेरावं घातलं, त्यांच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. आणि एक दिवस ते चालत आले. मेलेला माणूस घरात कसा घ्यायचा? मग भटानं त्या मिशावाल्या गड्याला पाळण्यात घालून त्याच्या कानात नाव सांगितलं, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावलं. हा माणूस तरी पोराला जिवंतपणी मारणार नाही, असं तिला वाटत होतं.

नाथाजींनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

"मी जिता आलो तवा येशीवर कुत्रं बी न्हवतं आलं," ते म्हणाले. "पोराच्या नावाला तरी हार पडू दे."

सकाळी अंजनानं कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा जरा मोठंच. चार वर्षांच्या लेकीला, बनूला, कडेवर घेतलं आणि ती चावडीपुढं जाऊन उभी राहिली.

वकीलसाहेब छान बोलले. दगडावरची नावं कधी झिजणार नाहीत म्हणाले. या घरांना मी विसरणार नाही, तुम्ही फक्त मला विसरू नका म्हणाले. मग पडदा ओढला, नावं वाचली. 'ज्ञानू नाथाजी' म्हटल्यावरही टाळ्या पडल्या. वकिलीणबाई एकेकीला पांढरं लुगडं देत आल्या आणि अंजनापुढं थबकल्या. सवाष्णीला पांढरं द्यायचं? चटका बसावा तसा त्यांनी हात मागं घेतला.

"अहो, ही कोण?"

आता आपण खरं सांगितलं की इथंच कुणीतरी म्हातारी पुढं होऊन कपाळ पुसणार, हे अंजनाला कळत होतं. पण लालासाहेबच आधी बोलले. जन्म पलटणीत गेलेला माणूस, त्यांना कुठं अडायची सवय नव्हती.

"बहीण हाय ज्ञानूची. सासरहून आलीया."

सगळ्या गावानं ऐकलं. मागं एक जण खुदकन हसला. नाथाजी मघाशी वकीलसाहेबांनी घातलेला गळ्यातला हार नीट करत होते.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोटारीतून हिरवा खण आणि नारळ मागवला. "भाऊ अमर झाला हो तुझा," त्या मायेनं म्हणाल्या.

अंजनानं एकदा दगडाकडं पाहिलं. कुंकू तरी राहतंय. तिनं पदर पसरला.

परतताना ओटीतला नारळ पोटाला टोचत होता. रोज झोपायच्या आधी ती बनूला विचारायची, "तुझ्या बाचं नाव काय?" आणि पोर घोकून ठेवल्यासारखं 'ज्ञानू नाथाजी' म्हणायची. मारुतीचं देऊळ मागं पडलं तेव्हा कडेवरच्या बनूनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आये, बा आता माझा मामा हाय व्हय?"